चॉकलेटचं फ्लायव्हील

चॉकलेट तोंडात टाकण्याआधी त्याची जाडी मोजायला व्हर्नियर लावणारा माणूस साऱ्या कोल्हापुरात एकच होता आणि तो सासऱ्यांच्या रूपानं आमच्याच घरात नांदत होता. उभं आयुष्य त्यांनी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत काढलं. बिडाचा जो भाग ओतायचा, त्याचा नमुना आधी सागवानात हुबेहूब कोरायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर थ्रीडी प्रिंटर आणला. संगणकावर चित्र काढायचं, प्रिंटरवर नमुना करायचा, त्यावरून साचा घेऊन चॉकलेट ओतायचं. "मामंजी, हे शिकलात कुठं?" विचारलं, तर म्हणाले, "शिकायचं काय त्यात? बिडाऐवजी चॉकलेट, भट्टीऐवजी तुजा गॅस!" माझे वडील मलकापूरहून आले, तेव्हा बशीत चॉकलेटचे नट-बोल्ट आले. वडिलांनी बोल्ट चावला, तसे सासरे कळवळले, "पावणं, आदी नट फिरवून तरी बघा की! आटं पाडल्यात." उन्हाळ्यात एसी बसला तोही स्वयंपाकघरात. सासूबाई म्हणाल्या, "माज्यासाठी कधी पंखा तरी आनलासा?" "तू काय वितळतीस व्हय?"

त्यांच्याबरोबर फौंड्रीत ओतकाम करणारे दौलूमामा म्हातारपणी आंधळे झाले आणि हळूहळू बोलायचेच थांबले. घरच्यांनाही नुसतं हूं. हे कळल्यावर सासऱ्यांनी आठवडाभर खपून, दोघांनी मिळून शेकड्यांनी ओतलेल्या ऑईल इंजिनाचं फ्लायव्हील, म्हणजे बाजूचं जड चाक, चॉकलेटात केलं, ताटलीएवढं. रिक्षातून बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मीही गेले. सासऱ्यांनी चाक त्यांच्या हातात दिलं. दौलूमामांची बोटं कडेवरून फिरली, मधल्या आऱ्यांवर आली, थबकली, पुन्हा फिरली.

"मिस्त्री," ते एकदम गरजले, "पाचच आरं? सहा हुतं की मर्दा!"

"पाचच हुतं."

"वतलं कुनी? म्या का तू?"

मग तासभर दोघं भांडले. कुठल्या पाळीत किती चाकं फुटली, कुणी कुणाचा डबा खाल्ला, सगळं निघालं. दौलूमामांची सून दारात पदर तोंडाला लावून उभी होती. चॉकलेट बोटांतून ओघळत होतं, पण दौलूमामा चाक खाली ठेवेनात.

परतताना सासरे म्हणाले, "सहाच हुतं. मुद्दाम एक कमी केलता. बरोबर असतं, तर त्यो हूं म्हनून गप बसला असता."

खरंच मुद्दाम, की वयानं झालेली चूक झाकत होते? विचारायचं राहून गेलं. आता दोघंही नाहीत. तेव्हा मात्र ते रिक्षात, आयुष्यात पहिल्यांदाच काम चुकल्याच्या आनंदात, बाहेर बघत बसले होते.