जहाजाची भिंतीकडची बाजू

यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे, हवालदार आला त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून मी घरी होतो. पण हजर असतो तर हेच पाहिलं असतं! सरकी काढायच्या जिनमध्ये काम करणाऱ्याच्या अंगाला कापूस चिकटतो. कितीही झटका, थोडा घरापर्यंत येतोच. किस्स्यांचंही तसंच. सेलूच्या ज्या जिनमध्ये मी काट्यावर कापूस तोलायचो, तिथल्या इंजिनखोलीतले किस्से अजून माझ्या सदऱ्याला आहेत.

त्या खोलीत आम्ही चौघं जमायचो. इंजिनावरचा दत्तोबा फिटर, शाळेत भूगोल शिकवणारे जोशी मास्तर, शिवणकामाचं दुकान असलेले रहीमचाचा आणि मी. पावसाळ्यात जिन बंद. बंद जिनमध्ये चार रिकामे बाप्ये काय करतील याचा नेम नाही. आम्ही लाकडी जहाज बांधायला घेतलं. जहाज! परभणी जिल्ह्यात! समुद्र नेमका कुठे आहे यावरसुद्धा आमचं एकमत नव्हतं. मास्तर म्हणायचे, "पश्चिमेला." दत्तोबा म्हणायचा, "मनमाडच्या पुढं." मनमाडच्या पुढे आमच्यातलं कुणीच गेलेलं नव्हतं.

आणि दत्तोबा म्हणजे काळजीचा माणूस. इंजिन बंद पडलं की का पडलं म्हणून काळजी. चालू असलं की कधी पडतंय म्हणून काळजी!

* * *

सुरुवात झाली रहीमचाचांच्या दुकानातल्या कॅलेंडरवरून. दोरा विकणाऱ्या कुठल्या तरी कंपनीचं कॅलेंडर. त्यावर हे शिडांचं जहाज, पोटाला तोफा, खाली निळ्या लाटा. साल उलटलं तसं चाचांनी ते काढून दत्तोबाला दिलं.

दत्तोबानं ते खूप वेळ न्याहाळलं. मग उलटं करून पाहिलं.

"काय बघतोस रे?" मास्तरांनी विचारलं.

"दुसरी बाजू."

मागे कोरा कागद! दत्तोबाचा चेहरा उतरला. "मास्तर, ही एकच बाजू हाय. पलीकडं कसं असतंय?"

"इकडे असतं तसंच असणार."

"असणार म्हंजे? तुमी बघितलंय का?"

तेव्हा रहीमचाचा म्हणाले, "सदऱ्याचं पोट येगळं, पाठ येगळी. पाठीला कोण गुंड्या लावतंय का?"

झालं! त्या दिवसापासून दत्तोबाच्या डोक्यात जे घुसलं ते घुसलंच. जी बाजू ठाऊक आहे ती करायची. दुसरी समजेल तेव्हा.

* * *

लाकडाचा प्रश्न आला. जहाजाच्या बुडाचा कणा म्हणून दत्तोबानं जिंतूरच्या डोंगराकडून अंजनाचं लाकूड आणवलं. का? तर बैलगाडीला मजबूत लाकूड लागतं, मग जहाजाला नको? वरच्या अंगाला सागवान हवं होतं. सागवान त्याच्या घरात एकच होतं. त्याच्या बायकोची, यमुनावहिनींची पेटी.

बोरीच्या माहेराहून लग्नात आलेली पेटी. दर्शनी फळीवर दोन हिरवे पोपट रंगवलेले, मधोमध पितळी कडी-कोयंडा. दत्तोबा आठवडाभर पेटीभोवती घुटमळला. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "अवो, सांगा की काय ते. पेटीबी लाजायलीय."

त्यानं सांगितलं. वहिनींनी पेटीवरून हात फिरवला.

"न्या. पर माझ्या डोळ्यांदेखत ते जहाज पाण्यावर तरंगाय पायजे. न्हाई तरंगलं तर माझी पेटी हाय तशी परत."

"हाय तशी?"

"पोपटासकट!"

पुढे महिन्याभरानं वहिनींनी विचारलं, "पोपट हायेत का?" दत्तोबा म्हणाला, "रंध्याखाली गेले." त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नाही. दत्तोबा आमच्याकडे जेवला, आणि माझ्या बायकोनंही त्याला दुसऱ्यांदा भाजी विचारली नाही!

* * *

आता हवालदाराचा किस्सा. निजामाच्या राज्यावरची पोलीस अ‍ॅक्शन नुकतीच होऊन गेली होती. रझाकारांची हत्यारं शोधायला पोलीस घरं, दुकानं तपासत होते. कुणाच्या दारावर कधी थाप पडेल याची गावाला धास्ती. रहीमचाचा तर दिवस मावळायच्या आधी दुकानाला कुलूप लावीत, आणि रस्त्यानं जाताना पूर्वी जिथे तिथे थांबून गप्पा मारणारा माणूस कुठेही थांबत नसे.

अशात हवालदार इंजिनखोलीत शिरला. समोर जहाज. जहाजाच्या पोटातून बाहेर काढलेल्या तेलाच्या जुन्या नळ्या, म्हणजे आमच्या तोफा. आणि जहाजाशेजारी शीड टाचत बसलेले रहीमचाचा.

"ह्या तोफा कुणाच्या?" हवालदारानं चाचांकडे बघत विचारलं.

चाचांची सुई शिडात अडकली ती निघेना. दत्तोबा, जो आपल्याच घराची कडी वाजली तर तीनदा "कोण?" विचारतो, तो पुढे झाला.

"माझ्या."

"परवाना?"

"जहाज पाण्यात गेल्यावर काढणार हुतो, सायब."

हवालदारानं एका नळीत बोट घालून पाहिलं, बराच विचार केला आणि हुकूम सोडला, "तोंडं बंद करा!"

दत्तोबानं त्याच्या समोर एकेका तोफेत लाकडाची गुडदी ठोकली, वर डांबर थापलं. हवालदार गेला. मग दत्तोबा पाणी मागू लागला.

त्यानंतर रहीमचाचांनी त्याचे सदरे शिवताना कधी टेप काढली नाही. म्हणायचे, "माप की क्या जरूरत? छाती मालूम हो गई."

* * *

जहाज पूर्ण झालं. म्हणजे एका बाजूनं. ते भिंतीला टेकून फळीवर ठेवलेलं असे आणि दत्तोबा कुणाला हात लावू देत नसे. दसऱ्याच्या तोंडावर खोलीला चुना द्यायला माणसं आली, तर हा फळीपुढे हात पसरून उभा. "भिंत ऱ्हाऊ द्या! लय चांगली हाय भिंत!" अजूनही त्या भिंतीवर जहाजाच्या आकाराचा काळा पट्टा असेल.

मला राहवेना. एकदा तो तेल आणायला गेला तशी मी मान वाकडी करून, गाल भिंतीला घासत, मागे पाहिलं.

पोपट! दोन्ही पोपट, मधे कडी-कोयंडा. पेटीची दर्शनी फळी जशीच्या तशी जहाजाची दुसरी बाजू होऊन बसली होती.

मागून दत्तोबाचा आवाज आला, "नाना, कुणाला बोलू नका."

"अरे, वहिनींना तर तू म्हणालास..."

"रंधा उचलायचो अन् ठेवायचो. न्हाई चालला हात." तो अगदी रडकुंडीला आला होता. "अन् हायेत म्हणून सांगितलं तर ती फळी परत मागंल. मग जहाजाला भगदाड!"

* * *

छप्पन साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला. मास्तर इंजिनखोलीत नाचतच आले, "दत्तोबा, आता समुद्र आपला!"

दत्तोबा पांढराफटक पडला. "म्हंजे आता समुद्र बघितलेला माणूस हिकडं बदलून येणार!"

आणि आलाच की! नवे साहेब रत्नागिरीकडचे, लहानपण होडीत गेलेलं. जिन तपासायला आले आणि जहाजापुढे थबकले.

"वा! सुकाणू कुठे आहे?"

"भिंतीकडं," दत्तोबा म्हणाला.

"आणि नांगर?"

"त्योबी भिंतीकडं."

"बरंच काही भिंतीकडं आहे तुमचं!" साहेब हसले. "पुढच्या फेरीला येईन, तेव्हा पाण्यात पाहू. तुमच्या इंजिनाच्या हौदात."

ते गेल्यावर दत्तोबानं अंजनाचा उरलेला तुकडा हौदात टाकला. दगड टाकावा तसा तळाला गेला! आम्ही चौघं वाकून त्या तळाकडे बघत राहिलो.

"लाकूड तरंगतं, पुस्तकात आहे," मास्तर पुटपुटले.

"पुस्तकवाल्यानं अंजन बघितलं नसंल," दत्तोबा म्हणाला.

तेव्हापासून रस्त्यानं जीप गेली की हा इंजिनामागे. जेवण सुटलं. मला विचारायचा, "नाना, कापलेली पेटी पुन्ना जोडता येतीय का हो?"

* * *

साहेब आले. जिनमधले सगळे हौदाभोवती. बोरीला लग्नाला निघाल्यासारखं ठेवणीतलं लुगडं नेसून यमुनावहिनीही आल्या आणि थेट काठावर बसून पाण्यात हात घालून राहिल्या. बुडालं तर ओढायला म्हणून माझ्या हातात लांब बांबू. दत्तोबानं मला बजावलं होतं, "तरंगलंच, तर पलीकडच्या कडंला दाबून धरा. भिंतीकडची बाजू हितंबी भिंतीकडंच ऱ्हायली पायजे!"

चार गड्यांनी उचलून सोडलं. जहाज बुडू लागलं. पाणी चढत चढत थेट तोफांपाशी आलं. दत्तोबानं डोळे मिटले. आणि तिथे पाणी थांबलं! हवालदारानं तोंडं बंद करवली नसती, तर त्याच नळ्यांतून पाणी आत शिरून सगळं तळाला गेलं असतं. अंजनाच्या वजनानं ते कसं ताठ उभं राहिलं म्हणून सांगू! साहेबांनी टाळी वाजवली. रहीमचाचांनी दत्तोबाला हलवलं, "आँखां खोलो मियाँ, तैर रहा है!"

वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "तरंगलं. आता माझं काय मागणं न्हाई."

इतक्यात वाऱ्याची एक झुळूक आली. शिडं फुगली आणि जहाज हळूहळू वळायला लागलं. दत्तोबा ओरडला, "नाना, बांबू! बांबू!" पण जहाज वळतच राहिलं, अगदी नवरीनं मागे वळून पाहावं तसं, आणि साऱ्या जिनसमोर दोन हिरवे पोपट आले. उन्हात कडी-कोयंडा चमकला.

कुणी हसलं नाही. दत्तोबा वहिनींकडे बघेना, जमिनीकडे बघेना, नुसताच इकडेतिकडे. साहेब पुढे वाकले.

"ही जहाजाची कोणती बाजू म्हणायची?"

वहिनींनी पाण्यातला हात काढून पदराला पुसला.

"माहेरची!"

आता सुरुवातीलाच शपथ घेतलीय, तर एवढं कबूल करायला हवं. यात एकच गोष्ट मी पदरची घातली. वारा. त्या दिवशी सेलूत झाडाचं पान हलत नव्हतं. हलत होतं ते फक्त वहिनींच्या हाताखालचं पाणी.