आत्याची मुलं बेसूर गात नाहीत

आमच्या घराण्यात गाणं तीन पिढ्या चालत आलं आणि माझ्यापाशी येऊन थांबलं.

मला त्याचं विशेष दुःख नाही. (इंग्रजी माध्यमामुळे माझ्यापाशी बरंच काही थांबलेलं आहे. एकोणसाठ म्हणजे नक्की किती, हे मला अजून मनात इंग्रजीत विचारून घ्यावं लागतं.) दुःख आहे ते शैलाआत्याला. आत्या बिबवेवाडीत, राहत्या घराच्या हॉलमध्ये, गाण्याचा क्लास चालवते. लहानपणी तिने मलाही क्लासला घेतलं होतं. आठवड्याभरात तिचा आईला फोन! "वहिनी, रियाला पोहायला घाला. पाण्याखाली गाता येत नाही."

तर हा क्लास बंद पडायच्या बेतात होता. समोरच्या इमारतीत एसी लावलेला कीबोर्ड क्लास निघाला होता. तिथे मुलं पहिल्याच महिन्यात स्टेजवर चढत आणि उतरताना प्रत्येकाच्या गळ्यात मेडल असे. आत्याकडे पहिल्या महिन्यात फक्त सा. दुसऱ्या महिन्यात, पहिला नीट लागला नसेल तर, पुन्हा सा! मुलं गळू लागली. काकांनी (म्हणजे आत्याच्या यजमानांनी) टेप घेऊन हॉलमध्ये नव्या सोफ्यासाठी मापं काढली. "दिवाळीपर्यंत बघू," असं म्हणाले. त्या दिवसापासून आत्या नेमक्या त्याच जागेवर तानपुरा ठेवू लागली.

अशात आमच्या दारात सिनेमा आला. शाळकरी मुलं, गाणं, विनोद, शेवटी सगळ्यांचे डोळे ओले, असा तो सिनेमा होता. हाफपँट घातलेला एक असिस्टंट मुंबईहून मुलं शोधत आला होता.

"मॅडम, सुरुवातीच्या सीनसाठी आम्हाला न गाता येणारी मुलं हवीयेत. मग नवे सर येतात आणि मुलं हळूहळू सुधारतात."

"मग सुधारलेलीच घ्या," आत्या म्हणाली. "तुमचा वेळ वाचेल."

तो हसला. त्याला वाटलं, आत्या विनोद करतेय. पुण्यात नवीन होता बिचारा.

मुलांच्या बदल्यात सिनेमात आत्याच्या क्लासचं नाव झळकणार होतं. सोफा अडवायला एवढं पुरेसं होतं. मुलं बेसूर हवीत, हे मी आत्याला तीनदा तरी बजावलं. "एकदा नीट ऐकलं की सिनेमावाले गोष्टच बदलतील," ती म्हणाली आणि तिने मुलांकडून रोज सकाळ-संध्याकाळ सिनेमातली प्रार्थना घोटून घेतली. काका म्हणाले, "आता कुकरसुद्धा सुरात शिट्टी देतो."

शूटिंग लोणी काळभोरजवळच्या एका शाळेत होतं. मला नेलं होतं पाण्याच्या बाटल्या सांभाळायला. बाटल्या बोलत नाहीत, त्यामुळे काम माझ्या स्वभावाला साजेसं होतं.

पहिला अपघात हिरोचा. सिनेमातले गाण्याचे सर म्हणजे तोच. तो पेटीपुढे बसून दोन्ही हातांनी पट्ट्या दाबू लागला.

"अहो, भाता कोण हलवणार?" आत्या थेट कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी!

"मॅम, आवाज नंतर टाकतात."

"मग हातही नंतरच टाका. आत्ता उगाच कशाला दमताय?"

आत्याला सन्मानाने माझ्या शेजारी, बाटल्यांपाशी, आणून बसवण्यात आलं. मग मुलं गायली आणि सगळं शूटिंग स्तब्ध झालं. लाइटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त दिग्दर्शकाने डोकं धरलं.

"बाळांनो, छान. पण जरा बेसूर गा ना!"

क्लासमधली ओवी, वय वर्षे आठ, हात वर करून म्हणाली, "किती बेसूर, सर? अर्धा सूर की पाव?"

दिग्दर्शक म्हणाला, ओरडा. मुलं ओरडली, पण सुरात ओरडली. एकाला नाक दाबून गायला लावलं. तो नाकातून सुरात गायला. शेवटी दिग्दर्शक असिस्टंटकडे वळला. "मॅडमच्या समोर कीबोर्ड क्लास आहे म्हणालास ना? त्यांची मुलं आण."

आत्याचा चेहरा उतरला. तिला असं मी कधीच पाहिलं नव्हतं. मला डोळ्यांसमोर तो सोफा दिसला, वर काका बसलेले.

आत्या सावकाश उठली. "थांबा. माझी मुलं समोरून आलेलं जसंच्या तसं उचलतात. त्यांना बेसूर येत नाही, कारण त्यांनी तो कधी ऐकलेलाच नाही." मग ती माझ्याकडे वळली. "रिया, गा."

"आत्या, मी? इथे? एवढ्या लोकांत?"

"अगं, ऐन वेळी एवढा अस्सल बेसूर मी दुसरीकडून कुठून आणू?"

मी कॅमेऱ्यामागे उभी राहिले, डोळे मिटले आणि गायले. (मी मुद्दाम काहीही केलं नाही, याची नोंद घ्यावी. मी मनापासून गात होते!) मुलांनी एक ओळ ऐकली आणि पुढच्या ओळीला माझी प्रत्येक चूक, प्रत्येक घसरण, तंतोतंत उचलली. शाळेचा शिपाई घंटा टाकून बघायला आला. दिग्दर्शक खुर्चीवर उभा राहिला. "हेच! हेच हवं होतं! असं ठरवून जमत नाही!"

"नाहीच जमत," आत्या म्हणाली. "जन्म घ्यावा लागतो."

सिनेमा चालला. शेवटच्या पाट्यांमध्ये आत्याचा क्लास झळकला आणि त्याखाली चक्क माझं नाव आलं, 'विशेष गायन' म्हणून! दुसऱ्याच आठवड्यात क्लासच्या दारात चपलांचा ढीग लागला. काकांनी टेप गुंडाळून ठेवली.

नावं नोंदवायला आलेल्या एका आईने मला दारातच गाठलं. सिनेमा पाहून भारावून गेली होती. "अय्या, ते विशेष गायन तुमचंच ना? तुम्ही कोणाकडे शिकलात हो?"

मी तोंड उघडायच्या आत आतून आत्याचा आवाज आला, "आमच्याकडे नाही! ती स्वयंभू आहे!"