यज्ञेश्वर गुरुजींचा पट

तर सायकल गुरुजींच्या खांद्यावर, धोतर वर खोचलेलं आणि ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर, इथं काल आपण थांबलो होतो. मला जेवायला हाक आली आणि बिचारे गुरुजी तसेच पाण्यात उभे राहिले! आता त्यांना बाहेर काढू.

गुरुजींचं नाव यज्ञेश्वर. ते गावाच्या तोंडात मावेना, म्हणून नुसते गुरुजी. राहायला शनिवार पेठेत. रोज सकाळी लकडी पूल ओलांडून, शेतांमधल्या पाऊलवाटेनं, हा ओढा असा पार करून आमच्या गावी यायचे. आता तिथं कर्वेनगरच्या सोसायट्या झाल्या. नात म्हणते, "आजोबा, इथला ओढा तुम्ही स्वप्नात पाहिलात." असेलही. पानशेतच्या पुराआधीची ती वर्षं मला हल्ली तशीच दिसतात. पौषातलं धुकं, मेथीच्या ओल्या जुड्यांचा वास, आणि त्या धुक्यातून आधी घंटी, मग काळी टोपी, मग माणूस.

छडी त्यांनी कधी हातात घेतली नाही. जीभ पुरेशी होती. मी एकदा नकाशात लंका सह्याद्रीवर काढली. गुरुजी बराच वेळ पाटीकडे बघत राहिले, म्हणाले, "वा! आता रावणाला तेवढं कळवून टाका." आणि आम्हा शेंबड्यांना अहो-जाहो! पहिल्या दिवशी त्यांनी "आपलं नाव काय?" असं विचारलं, तेव्हा मी मागं वळून पाहिलं, कोण मोठा माणूस आलाय म्हणून.

मी तिसरीत होतो तेव्हा हुकूम आला. पटावर तीस मुलं नसतील तर शाळा बंद, गुरुजींची बदली. आम्ही होतो एकोणीस. दुसरी शाळा तीन मैलांवर. म्हणजे आमचं शिकणं संपल्यातच जमा. पोरींना शाळेत घाला म्हणून गुरुजी घरोघर फिरून थकले होते. "मग मेथी कोण खुडणार?" हे उत्तर प्रत्येक दारात तयार. माझे वडील गेनबा, तेही तेच म्हणाले होते. माझी बहीण मैना तेव्हा नऊ वर्षांची.

हुकुमानंतर मात्र वडील जयसिंग पाटलांकडे गेले. मी मागं मागं.

"पाटील, अकरा पोरं कमी पडत्यात."

"मग? गावात पोरांचा दुष्काळ हाय व्हय? पोरी बसवा की! एका दिसाचं तर काम हाय. दिपोटी डोकी मोजतो, दात न्हाई मोजत."

तपासणीला येणाऱ्या शिक्षणखात्याच्या साहेबाला गावात दिपोटी म्हणत. ठरलं. गुरुजींना कुणी सांगायचं नाही, कारण त्यांना हे चाललं नसतं.

त्या सकाळी आमची खोली काय सजली होती! मैना, शालू, मथुराबाईच्या दोघी, अशा अकरा पोरी, तेल लावून चापून वेण्या घातलेल्या. शिवाय एखादं डोकं जास्तीचं असावं म्हणून सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेला बजरंग, टोपी भुवयांपर्यंत ओढून. आपापला माल ठीक बसलाय ना, हे बघायला सगळे बाप दारात.

धुक्यातून आज दोन घंट्या आल्या. गुरुजी साहेबांना घेऊन आत शिरले आणि उंबऱ्यातच थबकले. टोपी काढली, परत घातली.

साहेबांची नजर नेमकी बजरंगावर गेली. "कितवीत रे तू?"

"तिसरीत जी."

"केव्हापासून?"

"आज सकाळधरनं."

आम्ही फिदीफिदी हसलो. दारात वडिलांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी हातातला पट मिटला आणि गुरुजींकडे वळून विचारलं, "गुरुजी, खरं सांगा. मुलं किती?"

बाहेर धुक्याचे थेंब पत्र्यावरून ठिबकत होते. खोटं बोलले तर गुरुजी आमचे राहणार होते. खोटं त्यांना येत नव्हतं.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण उत्तर मला शेवटी ठेवायचंय. साहेब बसले, गूळ घातलेलं दूध प्याले आणि शेऱ्यात तीस लिहून गेले. दुसऱ्या दिवशी मैनेला घरी ठेवायची वडिलांना लाज वाटली. चारचौघांत नाव लिहिलं गेलेलं ना! मेथी मग आम्ही बापलेक शाळेआधी खुडू लागलो. शाळा टिकली. मैना सातवीपर्यंत शिकली आणि पुढं सव्वीस वर्षं तिनं बालवाडी चालवली. अजूनही ती गुरुजींचं ते उत्तर त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवते, एक शब्द इकडचा तिकडं न करता:

"साहेब, पटावर एकोणीस आहेत. या अकरा मुली गावानं आपल्याला दाखवायला आणलेल्या दिसतात, मला कल्पना नव्हती. पण त्यांचे वडील दारातच उभे आहेत आणि मुलींना शाळेत बसलेलं पाहून कुणाचीच हरकत दिसत नाही, तेव्हा आपण घटकाभर बसा, हे मिशीवाले गृहस्थ वगळून बाकीच्यांची नावं मी लिहून घेतो, आणि मग मोजा."