बाचा लिनक्स आणि याडीचा ढावलो

रडणं काढणार नाही. विषय संपला.

सकाळी मी माझ्या लग्नातल्या पाठवणीचा व्हिडिओ टाकला आणि लगेच इनबॉक्समध्ये सल्ले सुरू झाले.

‘ताई, मागचं रडणं म्यूट करा, एखादं छान गाणं टाका.’
‘ॲप आहे ना, एका टॅपमध्ये नॉइज क्लीन.’

ऐका आता.

ते नॉइज नाही. तो ढावलो आहे.

आमच्या बंजारा तांड्यात नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडते आणि रडत रडत गाते. समोरची बाईही तशीच गाऊन उत्तर देते. बाहेरच्या माणसाला फक्त रडणं ऐकू येतं. आम्हाला शब्द ऐकू येतात.

माझ्या लग्नाच्या शूटिंगवाल्यालाही रडणंच ऐकू आलं. त्याने ते पुसून त्यावर सिनेमातलं गाणं चढवलं. तेव्हा ते आम्हालाही खटकलं नाही. सगळ्यांच्याच लग्नाच्या सीडीत तसं असायचं.

मग याडी गेली. याडी म्हणजे माझी आई.

आणि तिचा आवाज शोधायला बसलो, तर तो कुठेच नव्हता. शूटिंगवाल्याने मूळ रेकॉर्डिंग कधीच उडवलेलं.

शेवटी काकीच्या जुन्या फोनमध्ये पाठवणीची एक क्लिप निघाली. याडी त्यात आहे, गातेय. पण शेजारी मांडवाचं जनरेटर असं धडधडतंय की एक शब्द कळेल तर शपथ.

माझा बा, जिल्हा परिषदेच्या शाळेतला रिटायर्ड मास्तर, त्या दिवशी म्हणाला, ‘हे मी साफ करतो.’ (घरी आम्ही गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा भाषेत बोलायचो. सगळ्यांना कळावं म्हणून इथे त्याची वऱ्हाडी लिहितेय.)

झालं. घरचा प्रत्येक जण एक्स्पर्ट झाला.

पुण्याचा भाऊ म्हणाला, ‘बा, नवीन लॅपटॉप घेऊन देतो, त्यात प्रोफेशनल सॉफ्टवेअर टाकू. दर महिन्याला सबस्क्रिप्शन भरलं की झालं.’

बा म्हणाला, ‘अन् नाई भरलं तं?’

‘तर प्रोजेक्ट, म्हणजे केलेलं सगळं काम, उघडणार नाही.’

‘मंग भाड्याच्या घरात मी तुया याडीले ठेवनार नाई.’

घाटंजीचा एक स्टुडिओवाला तेच सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर फुकट द्यायला तयार होता. क्रॅक केलेलं. बाने हात जोडले. ‘जनमभर पोरायले कॉपी करू नका म्हनलं, आता मी करू काय?’

भाचीने मोबाइलवर ॲप टाकून दिलं. बाने ते मात्र मनापासून वापरून पाहिलं. नॉइज क्लीनचं बटण दाबलं. जनरेटर गायब!

याडीपण गायब.

त्या ॲपच्या लेखी दोन्ही आवाज सारखेच होते. बाने फोन भाचीच्या हातात ठेवला आणि म्हणाला, ‘एका क्लिकमंदी जनरेटर गेलं, अन् तुयी आजी बी गेली. मले असं क्लिक नोको.’

मग घरातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या डबड्यावर त्याने विंडोज काढून लिनक्स टाकला, ती कोणालाही मोफत मिळणारी सिस्टिम. सगळे हसले. मीही म्हटलं, ‘बा, या वयात काहून डोक्याले ताप करून घेतं?’

‘जुन्या मशीनवर चालते. चोरीचं नाई. फाइल आपल्या घरी राह्यते. अन् मले पाह्यजे तिथं हात घालता येते. अजून काय पाह्यजे वं?’

त्यावर एक मोफत एडिटिंग सॉफ्टवेअर घेतलं आणि भिडला. मशीन इतकं म्हातारं की मूळ क्लिप लावली की अडखळायचं. मग तो आधी क्लिपची छोटी, हलकी प्रत बनवायचा आणि त्या प्रतीवर काम करायचा. रेंडर लावून, म्हणजे तयार फाइल बनायला ठेवून, शेतातलं सोयाबीन पाहायला जायचा. मध्येच लाइट गेली की लाइनमनपासून लिनक्सपर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा.

हेडफोन लावून एकेक शब्द ऐकायचा. जनरेटर थोडं दाबायचं, याडी थोडी वर आणायची. जास्त दाबलं की तिचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा व्हायचा. परत मागे. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा. गेलेल्या बाईच्या आवाजापायी जेवणाचं भान नाही!

एका दुपारी त्याचा फोन आला. ‘ये.’

मी सासरहून, लोहाऱ्याहून, पहिली मिळेल ती गाडी पकडली.

त्याने हेडफोन माझ्या कानावर चढवला. जनरेटर पूर्ण गेलेलं नव्हतं. मी तसं म्हटलंही.

‘राहू दे तेवढं. त्याले काढलं तं तिचा श्वास जाते.’

आणि मग मला याडी ऐकू आली. लग्नात मी स्वतःच रडत होते, तेव्हा ऐकलंच नव्हतं. ती गात होती: पोरी, विचारून येऊ नको. दार तुझंच आहे, वाटलं की ये.

 मी ढसाढसा रडले. बा नाही रडला. तो फार खूश होता.

आज बाला जाऊन वर्ष झालं, म्हणून सकाळी त्याने साफ केलेली हीच क्लिप टाकली.

काल भावाचा फोन आला. ‘ताई, ते डबडं फॉरमॅट करून विंडोज टाकतो, पोरांना कामाला येईल. नाहीतर भंगारात. आणि घराला कुलूप आहे, जायचं असलं तर आधी सांग.’

भाऊ वाईट नाही. त्याला वाटतं व्हिडिओची कॉपी आहे ना, मग मशीन कशाला? पण बाने लावलेले सगळे आवाज त्या मशीनवरच्या प्रोजेक्टमध्ये सुटे सुटे ठेवलेत. उद्या मला जास्त चांगलं जमलं, तर मी ते पुन्हा उघडणार आहे. शिकतेय. सध्या शिव्या घालत शिकतेय.

फॉरमॅट होणार नाही. विंडोज येणार नाही. भंगारवाला दारात दिसला तर त्याचं मी बघते.

मी कोणाला विचारलं नाही. काकीकडची किल्ली घेतली, कुलूप काढलं, ओटा झाडला, कॉम्प्युटर सुरू केला. ही पोस्ट तिथूनच लिहितेय.

बा, तुला ताठ मानेने निरोप.

याडी, मी घरी आलेय.