साडूभाऊंचे मासे आणि आईचे निरोप

माशाच्या गर्भाचा दाखला देऊन लग्नातलं भांडण मिटवणारा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात एकच, तो म्हणजे माझे साडूभाऊ. ते हिंगणघाटला प्राणिशास्त्र शिकवतात आणि मायक्रोआरएनए नावाच्या इवल्याशा रेणूनं त्यांना पुरतं झपाटलंय. अल्लीपूरच्या लग्नात वांग्याच्या भाजीवर तर्रीचा लाल तवंग नाही म्हणून वरपक्ष रुसला, तेव्हा हे खुर्चीवर चढले. "मासोळीच्या अंड्यात माय निरोप ठेवून देते, सुरुवातीले गर्भ त्याच्यावरच चालते. मंग त्याचे सोताचे जीन्स जागे होतात, अन् हे बारके रेणू मायचे निरोप पुसून टाकतात. नाई पुसले तं गर्भ वेडावाकडा होते!" दोन्ही पक्ष चूप. हा विजय ते अजून सांगतात. मंडळी भुकेनं चूप झाली होती, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मी मुळातच अबोल. म्हणून त्यांनी मलाच घरातला मायक्रोआरएनए ठरवून टाकलं. "त्या रेणूसारखं तुम्ही सोता काई बनवत नाई साडूभाऊ, पण तुम्ही बसले का बाकीचे चूप होतात." त्यांच्या काचेच्या पेटीत पट्टेरी मासे आहेत. मासोळीनं अंडी घातली की आवाज नको म्हणून घरात मिक्सर बंद. मेहुणी पाट्यावर चटणी वाटत करवादते, "मासोळीचं बाळंतपण मीच करून राह्यली!"

पण या माणसाच्या स्वतःच्या निरोपांनी लेकीची पाठ कधी सोडली नाही. डबा संपव, कडेनं चाल, पीएचडी कर. एमएस्सी झालेल्या तिला मात्र हायवेवरच्या जाम गावच्या चौकात ऑम्लेटचं दुकान टाकायचं होतं. "मावसाजी, तुम्हीच बाबाले सांगा न," म्हणाली. मी हो म्हणालो आणि चूप बसलो. शेवटी तिनं एकटीनंच सांगितलं. "अंडे फोडाले शिकवलं का तुले?" एवढं ओरडून साडूभाऊंनी तिच्याशी बोलणंच टाकलं. माझं ते चूप बसणं माझ्या मनाला लागून राहिलं.

दुकान उघडायच्या सकाळी ते पेटीसमोरच बसून होते. मी धीर करून म्हणालो, "साडूभाऊ, मासोळीचे निरोप पुसल्या जातात. तुमचे कवा पुसाचे?"

त्यांनी पेटीवर झाकण ठेवलं. मग उठून चप्पल शोधू लागले. "मायक्रोआरएनए बोलाले लागला म्हणजे कठीणच हाय!"

जामला ट्रकांच्या धुळीत लेकीनं पहिलं अंडं फोडलं. साडूभाऊंनी तोंड उघडलं, "गॅस बारीक..." आणि स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. लेकीनं हसून गॅस मोठाच ठेवला. करपलेल्या कडांसकट त्यांनी ते ऑम्लेट संपवलं.

परतताना हळूच म्हणाले, "करपलं होतं न?"

मी चूप राहिलो. आयुष्यातल्या तेवढ्या एका गप्प राहण्याचं मला वाईट वाटत नाही.