नलूताईंची खोक्यांची यादी

गेल्या महिन्यात, सकाळच्या चहाच्या वेळी, कंपनीच्या ग्रुपवर मेसेज आला : नलूताई गेल्या. आठवडाभर आकुर्डीच्या दवाखान्यात होत्या. सोमवारी येते म्हणाल्या होत्या. बाईंनी शब्द मोडल्याची ही पहिलीच वेळ... मी चहा तसाच ठेवून जागेवर येऊन बसलो.

चाकणच्या आमच्या कंपनीत ब्रेकचे रबरी पाइप बनतात. नलूताई जवळच्याच खेड्यातल्या, शेतकरी घरातल्या. आधी लाइनवर पाइप तपासायच्या, मग कॉम्प्युटर शिकून क्वालिटीत आल्या. मी लातूरचा, डिग्रीचा रुबाब घेऊन आलेला. सहा वर्षांपूर्वी एक लॉट खराब निघाला. दाब पडला की पाइपला चिरा जायच्या. तीन गोदामांतून तो माल कुठं कुठं गेला, याची यादी मला काढायची होती. तिन्ही गोदामांच्या नोंदींची टेबलं कॉम्प्युटरात वेगवेगळी. मी तीन क्वेरी, म्हणजे माहिती काढायच्या आज्ञा, 'युनियन' या शब्दानं जोडल्या आणि पसारा नको म्हणून खोक्याचा नंबर वगळला. झालं! युनियन हुबेहूब सारख्या ओळींतली एकच ठेवतं. एका दुकानाला एकाच दिवशी दोन खोकी गेली असतील, तर माझ्या यादीत एकच. दोन दिवस आम्ही सगळे त्या यादीवर निर्धास्त होतो.

नलूताईंनी तिन्ही टेबलांच्या ओळी वेगवेगळ्या मोजल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "जुळी पोरं सारखी दिसत्यात म्हणून पंगतीत एकच पान वाढशील व्हय रे?" त्यांनी मला 'युनियन ऑल' लिहायला लावलं, म्हणजे सगळ्याच ओळी राहतात. खोक्याचा नंबरही घ्यायला लावला. एकोणीस खोकी वाढली. मी दुकानादुकानांत फोन लावत सुटलो. तोवर कुणाच्या गाडीला तो पाइप बसला असेल तर... पुढचं मनात आणवत नव्हतं. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "घावली समदी. जा, जेवून घे." चूक कुणाची, ते त्यांनी साहेबांना कधीच सांगितलं नाही.

मी खरंच जेवलो. सहा वर्षं त्या एका वाक्यावर निवांत झोपलो, गाढव!

परवा साहेबांनी नलूताईंचा कॉम्प्युटर माझ्याकडं दिला. त्यात त्या एकोणीस खोक्यांची यादी होती. अठरा ओळींपुढं लिहिलेलं, 'आलं'. एका ओळीपुढं नुसत्या तारखा. दर महिन्याची एक, सहा वर्षं. शेवटची तारीख दवाखान्यात जायच्या आदल्या दिवसाची. शेजारी बीडच्या एका दुकानाचा नंबर.

त्यांच्याच टेबलावरच्या फोनवरून मी तो लावला. पलीकडं दुकानदारानं उचलला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला,

"बोला ताई, या महिन्यात उशीर केला? आमचं गोदाम हलवताना कुठं गेलं ते खोकं, अजून कळंना बघा..."