फोटोच्या आधीचं बोलणं

आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथं, एक नियम आहे. मशीनवर डाय, म्हणजे पार्टचा साचा, बसवली की जो पहिला पीस निघतो, तो ऑपरेटरनं जसाच्या तसा क्वालिटीकडं न्यायचा. त्याला कानस लावायची नाही, कडा घासायची नाही. त्या पीसवरून साहेब ठरवतात की डाय बरोबर बसली का आणि पुढचा माल कसा निघेल. पहिला पीस घासून नेला तर माप खोटं येतं आणि सगळा लॉट वाया जातो. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. पण बारा वर्षांत एकदाही मी पहिल्या पीसला हात लावला नाही. लावला तो नेमका माझ्या लेकीच्या वेळी.

मी गोंदियाकडचा. तळ्यांचा आणि धानाचा मुलूख सोडून शिरूर तालुक्यात एमआयडीसीत आलो तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. ती इथलीच झाली. ती 'हाय, न्हाई' बोलते, मी अजून 'का'ला 'काऊन' म्हणतो, आणि तिच्या मैत्रिणी त्यावर हसायच्या. तिची आई मसाल्याच्या कंपनीत पॅकिंगला, दुपारी जाते ते रात्री येते. माझी पहिली पाळी. म्हणजे चारनंतर घरी मी आणि मुलगी.

दहावीच्या वर्षी तिनं आधी केस विंचरणं सोडलं. मग जेवण अर्ध्यावर आलं. मग मैत्रिणी दारात येऊन हाक मारायच्या आणि ही भिंतीकडं तोंड करून पडलेली. आम्ही म्हटलं अभ्यासाचा ताण असेल. आईनं दृष्ट काढली, मी नवा मोबाईल आणला. दिवाळीनंतर तिनं शाळाच सोडली. मला धडकी भरली ती तिथं. आमच्या घरात शाळा सोडायचा मान माझा होता, तो तिनं घ्यायला नको होता.

तिच्या वर्गशिक्षिकेनं आम्हाला सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि तिथून दौंडला. दौंडला एका जुन्या दवाखान्यात दर मंगळवारी समुपदेशन करणाऱ्या ताई बसायच्या. ताई शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलेल्या. आवाज शाळेतल्या बाईंसारखा स्वच्छ, पण मधूनच अस्सल शिरूरचं बोलायच्या, आणि मग मला जरा धीर यायचा. त्यांनी सांगितलं की याला डिप्रेशन म्हणतात, ही आळशी नाही, आणि यावर उपाय आहे. उपाय म्हणजे दर आठवड्याला तासभर बोलायचं, ठरलेल्या पद्धतीनं, तीन-चार महिने. काही पोरांना त्यानं चांगलं बरं वाटतं, काहींना तेवढं नाही, आणि कुणाला वाटेल हे आधी कळत नाही. म्हणून पुण्यातले डॉक्टर एक अभ्यास करत होते. बोलणं सुरू व्हायच्या आधी मशीनमध्ये मेंदूची चित्रं घ्यायची, नंतर पोरगं किती सुधारलं ते बघायचं, आणि त्या चित्रात काही खूण होती का ते शोधायचं. पुढं कधीतरी एखाद्या पोराला कोणता उपचार लागू पडेल हे आधीच सांगता यावं, यासाठी.

मला ते एका दमात समजलं. पहिला पीस.

ताईंनी कागद पुढं केले. बरीच पानं होती, मराठीतच होती. त्यांनी सगळं वाचून सांगायची तयारी दाखवली, पण मला चारचौघांत वाचून दाखवून घ्यायची लाज. मी म्हटलं, वाचलं. सही केली. ताईंनी मुलीलाही वेगळं विचारलं, तिचीही सही घेतली. एका कागदावर प्रश्न होता, घरात आणखी कुणाला असा त्रास झाला होता का. मी म्हटलं, नाही.

चित्राची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. तोवर उपचाराचं बोलणं सुरू करायचं नाही, ताई म्हणाल्या, आधीचं चित्र आधीचंच पाहिजे. आणि मशीनमध्ये डोकं अजिबात हलता कामा नये. नळीसारखं असतं, आवाज मोठा असतो, काही पोरं घाबरून अर्ध्यातून बाहेर येतात. जमलं तर घरी सराव करा.

आमचे घरमालक आप्पा. ऊस, कांदा, सोसायटीत मोठा शब्द. त्यांच्या अंगणात कालव्याच्या चारीच्या कामातून उरलेला सिमेंटचा पाइप वर्षानुवर्षं पडून होता, माणूस सरपटत जाईल एवढा. मी तो झाडून घेतला, आत गोधडी अंथरली. दुसऱ्या दिवशी शॉपमधून प्रेसचा आवाज मोबाईलवर भरून आणला. मुलगी आत पाठीवर झोपणार, मी तिच्या डोक्याच्या बाजूला पाइपाच्या तोंडाशी उकिडवा बसणार, तिच्या कपाळावर हरभऱ्याचा एक दाणा ठेवणार आणि आवाज लावणार. दाणा पडला की पहिल्यापासून.

पहिल्याच दिवशी आप्पा काठी टेकत आले, वाकून बघितलं.

"पाव्हणं, लेकीला भट्टी लावलीया व्हय? कवा निघायची भाजून?"

मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मनाचा फोटो निघत असता तर सोसायटीच्या इलेक्शनला त्यांनीच आधी मशीन आणलं असतं, कोण कुणाला मत देणार ते कळलं असतं. पण जाताना कुत्र्याला हाकललं आणि पाइप गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंना दगड लावून गेले.

आतून खुदकन आवाज आला. दाणा पडला होता. किती महिन्यांनी हसली होती ते मला सांगता यायचं नाही.

चार-पाच दिवसांत तिला जमायला लागलं. आधी दोन मिनिटं, मग पाच, मग दहा. दहा मिनिटं झाली की मी आवाज बंद करायचो, पण ती बाहेर यायची नाही. मला तिचे फक्त केस दिसायचे, तिला वर सिमेंट. कुणीच कुणाकडं बघत नव्हतं. एका संध्याकाळी ती आतून म्हणाली,

"बाबा, मला रडू येत न्हाई. आलं असतं तर बरं झालं असतं. सकाळी उठलं की कालचाच दिवस परत पुढं उभा हाय असं वाटतं."

पाइपात आवाज घुमतो. हळू बोललेलं पण कानाशी येतं.  मी म्हटलं, बरं. ती आणखी बोलली. वर्गात सगळ्यांचे आवाज लांबून यायचे, आई दमून येते तेव्हा आपण तिच्यावर ओझं आहोत असं वाटतं, हे सगळं. दुसऱ्या दिवशीही बोलली. मग सरावापेक्षा बोलणंच जास्त व्हायला लागलं.

आठव्या की नवव्या दिवशी तिनं विचारलं,

"तुम्ही शाळा सोडली तवा तुम्हाला काय वाटलं?"

घरात याचं उत्तर ठरलेलं होतं. गरिबी होती म्हणून सोडली. बायकोलाही मी तेच सांगितलं होतं. पण पाइपाच्या तोंडाशी बसून माझ्यानं ते म्हणवलं नाही. मी तिला खरं सांगितलं. शाळेला घरून ना नव्हती. मलाच सकाळी उठवायचं नाही. दप्तर घेऊन निघायचो आणि तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसायचो, शाळा सुटेपर्यंत. पाण्याकडं बघत, खेळायचं नाही, काही नाही. असं सगळं पावसाळाभर. वडिलांनी मारलं, मास्तरांनी मारलं, गावानं कामचोर नाव ठेवलं. मग एक दिवस मी मामासोबत वीटभट्टीवर गेलो आणि दमून झोपायला लागलो. ते कधी गेलं मला माहीत नाही. कुणाला विचारलंही नाही, काऊन की विचारायचं काय तेच माहीत नव्हतं.

 मग ती म्हणाली, "म्हंजी तुमाला पण."

मी म्हटलं, हो बापा, मला पण.

त्या दिवशी ती भाकरी पूर्ण जेवली. आणि मला आठवलं. ताई म्हणाल्या होत्या, चित्राच्या आधी बोलणं नाही. आणि मी रोज तासभर बोलायला लावत होतो. मी पहिल्या पीसला कानस मारली होती. आता चित्र खोटं येणार, ते डॉक्टरांना कळणार, तिचं नाव कापणार आणि मंगळवारची वेळ दुसऱ्या पोरीला जाणार. तीन दिवस मी प्रेसवर नीट उभा राहिलो नाही. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. पण घासलेला पीस गुपचूप ट्रेमध्ये ठेवणाऱ्या माणसाशी मी स्वतः शॉपमध्ये बोलत नाही.

सुट्टी टाकली, मुलीला मागं बसवलं आणि मोटरसायकलवर इनामगावावरून निघालो. घोड नदी ओलांडली, भीमा ओलांडली, दौंडला पोचलो. ताईंपुढं उभं राहूनच सगळं सांगितलं. पाइप, दाणा, बोलणं. तळ्याचंही सांगितलं. म्हटलं, त्या कागदासाठी मी 'नाही' सांगितलं होतं, ते 'हो' आहे. चूक माझी आहे, पोरीची वेळ कापू नका.

ताईंनी आधी मला बसवलं. पाणी दिलं. मग म्हणाल्या,

"दादा, घरात बापलेकीनं बोलू नका असं आम्ही कुठं म्हणालो? आमचं ठरवलेलं बोलणं निराळं, तुमचं निराळं. तुम्ही सांगितलंत, मी लिहून ठेवते. तिचं नाव अभ्यासातून गेलं असतं तरी मंगळवार गेला नसता. ते पहिल्याच पानावर हाय."

मी मुलीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती. तिला माहीत होतं मी पहिलं पान वाचलं नव्हतं. ती काही म्हणाली नाही, ती तिची मेहेरबानी.

ताईंनी तो जुना कागद काढला, माझ्यादेखत 'नाही' खोडून 'हो' केलं आणि त्या वेळी माझं वय किती होतं ते विचारलं. मी बारा म्हटलं. एवढंच. इतक्या वर्षांनी कुणीतरी ते लिहून घेतलं, आणि कामचोर हा शब्द त्यात कुठंच नव्हता.

पुण्याला चित्र काढलं त्या दिवशी तिच्या कानातले, पैंजण, केसांतल्या पिना सगळं माझ्या रुमालात आलं. मी दाराबाहेर. जाड दारातूनही आवाज येत होता, आणि शपथेवर सांगतो, तो आमच्या दीडशे टनी प्रेससारखाच होता, फक्त घाईत. आत तिला माणसांचे चेहरे दाखवत होते, रागावलेले, हसरे, आणि मधे नुसतंच एका खुणेकडं बघत पडून राहायचं होतं. बऱ्याच वेळानं मशीनवाला बाहेर आला आणि म्हणाला की मुलगी जराही हलली नाही, कुठं शिकली? मी म्हटलं, अंगणात.

मग मंगळवार सुरू झाले. चित्रात काय दिसलं ते आम्हाला सांगितलं नाही, आणि सांगणार नाहीत हेही आता मी त्या पानांवर वाचलं आहे, सगळी पानं, बोट ठेवून. एकट्या पोरीबद्दल त्यावरून आज काही म्हणता येत नाही, पुष्कळ पोरांची चित्रं एकत्र ठेवून बघायची आहेत. पहिले काही आठवडे मला फरक दिसेना आणि मी दर वेळी ताईंच्या चेहऱ्यावर निकाल शोधायचो. नंतर शोधणं सोडलं. तिनं केस धुतले. मैत्रिणीचा फोन उचलला. एक मंगळवार वाईट जायचा, दोन बरे जायचे. मी बाहेर बाकावर बसायचो. आत काय बोलते ते विचारायचो नाही. ते तिचं.

परवा मात्र ती दार आपटून बाहेर आली. मोटरसायकलवर बसली, पूल ओलांडला. मग मागून म्हणाली,

"आज मी ताईंशी भांडले."

मी विचारलं, काऊन?

"त्या म्हणत्यात, यंदा बाहेरून दहावीचा फॉर्म भर. मी म्हणलं, माझा फॉर्म हाय, मी ठरवीन कवा भरायचा. मला आधी इंग्रजीची शिकवणी लावायची हाय. त्यांना म्हणलं, घाई तुम्हाला हाय, मला न्हाई."

"मग ताई काय म्हणाल्या?"

"हसल्या. मला आणखी राग आला."

वर्षभरात ती कुणाशी भांडली नव्हती. भांडायला दम लागतो. मी इनामगावच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली, पेरूवालीकडून दोन मोठे पेरू तिखट-मीठ लावून घेतले. मुलगी रस्त्याच्या कडेला उभी राहून खात होती आणि अजून रागातच होती. तिखट जास्त झालं म्हणून पेरूवालीशीही भांडली.